कृत्रिम सांधा बसविल्यानंतरचे दुखणे



हंगाम आटोपून उसाचे बिल खात्यावर पडले, की वर्षभर मागे टाकलेली दुखणी घराघरांतून वर येतात. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा हर्निया आणि अलीकडे सर्वांत जास्त म्हणजे गुडघे. आपल्या पेठेच्या थांब्यावर घटकाभर उभे राहून पाहावे. एस.टी.ची पायरी चढताना दांडीला धरून अंग वर ओढणारी माणसे किती दिसतात! त्यांत बायका अधिक. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्याची ठेवण ही झिजेची कारणे आहेतच. शिवाय सातगाव पठारावर बटाटा काढायचा, खुरपायचे, बेणे लावायचे, म्हणजे जन्मभर वाकून आणि उकिडवे बसून काम. गुडघा झिजेल नाही तर काय होईल?

शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्न डॉक्टरांचा व आपला. या लेखात बोलायचे आहे ते शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याविषयी. खर्च किती, सांधा कोणत्या कंपनीचा, याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. नंतर किती दुखेल, किती दिवस दुखेल आणि त्यावर काय करतात, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

थोडी माहिती आधी घेऊ. कृत्रिम खुबा आजच्या स्वरूपात बसविण्याचे श्रेय इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांना देतात; १९६२ साली त्यांची पद्धत स्थिरावली. आपल्याकडे हा विषय चावडीपर्यंत पोहोचला तो पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत मूळचे आपल्याच देशातले, न्यूयॉर्कला नावारूपास आलेले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांत, जुलै २००१ मध्ये, वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेत उभे होते. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी तर भारतीय माणसाच्या उठण्याबसण्याचा विचार करून ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. ही फक्त सांध्याची किंमत, रुग्णालयाचा खर्च वेगळा, हे लक्षात ठेवावे.

आता मुद्द्याकडे. बंद हंगामात आपल्या कारखान्यात मिलची बेअरिंगे बदलतात. गुडघेबदल म्हणजे तसेच, असे पुष्कळांना वाटते, आणि शस्त्रक्रियेपुरते ते खोटेही नाही. झिजलेला हाडाचा पृष्ठभाग कापून त्यावर धातूची टोपी बसवितात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. पण लोखंडाला दुखत नाही. गुडघ्याभोवती मांस आहे, शिरा आहेत, नसा आहेत. ते सर्व कापले, ताणले जाते आणि भरून यायला महिने लागतात.

माझ्या आत्याचा गुडघा तीन वर्षांपूर्वी पुण्याला बदलला. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, मांडीतल्या नसेलाही बधिर केले होते. त्यामुळे पहिला दिवस झकास गेला. भेटायला येईल त्याला ती सांगे, “काय सुदिक दुखत नाय.” दुसऱ्या रात्री बधिरता उतरली. आत्याने दात आवळले. सिस्टर विचारी, “आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” आत्या म्हणे, “हाय थोडं.” डॉक्टर विचारत, “बरंय ना आजी?” आत्या म्हणे, “बरंय.” कागदावर ‘बरे’ असेच लिहिले गेले, आणि पाचव्या दिवशी आम्ही तिला घरी आणले.

चूक पुढे झाली आणि ती आमची सगळ्यांची. शेजारच्या एकाने सांगितले, की गोळ्यांनी किडनी जाते. म्हणून आत्याने गोळ्या बंद केल्या. गोळी नाही म्हणून दुखणे वाढले, दुखते म्हणून व्यायाम सुटला, आणि आराम वाटावा म्हणून आम्ही तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी दिली. सहा आठवड्यांनी दाखवायला नेले तेव्हा पाय धड सरळ होईना की धड वाकेना. शेवटी पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागला. त्या खेपेस एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी शून्य ते दहा विचारलेच नाही. “आजी, रुपयातलं किती आणे दुखतंय?” आत्या चटकन म्हणाली, “बारा आणे!” तेव्हा आम्हाला कळले, की बाई इतके दिवस बारा आणे दुखणे गिळून बसली होती.

सोसणे हा आपल्याकडे गुण मानतात. बाळंतपण सोसले, दुष्काळ सोसला, तिथे गुडघ्याचे काय एवढे! पण येथे सोसण्याने नुकसान होते. शस्त्रक्रियेनंतरची गोळी नुसत्या आरामासाठी नसते, ती व्यायाम करता यावा म्हणून असते. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा सरळ करणे, वाकविणे, चालणे झाले नाही, तर आत जाळे धरते व सांधा आखडतो. म्हणून गोळी दुखणे शिगेला गेल्यावर घ्यायची नसते, ठरलेल्या वेळेला घ्यायची असते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर उत्तम. पिकाने मान टाकल्यावर पाणी देण्यासारखे करू नये.

हल्ली एकाच जालीम औषधावर भर न देता चार बाजूंनी दुखणे आवरतात. पाठीतील भूल, नसेचे बधिरीकरण, शस्त्रक्रिया चालू असतानाच सांध्याभोवती दिलेली इंजेक्शने आणि नंतर वेगवेगळ्या जातीच्या गोळ्या. प्रत्येकाचे प्रमाण थोडे, त्यामुळे दुष्परिणामही कमी. पॅरासिटामॉल हा त्याचा पाया. त्याची मर्यादा चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्यांत ती जवळजवळ भरते. अशक्त, वयस्क, यकृताचा त्रास असलेल्या वा दारू पिणाऱ्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा हेच औषध असते, तेव्हा दोन्हींची बेरीज धरावी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांविषयी शेजाऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, पोटात व्रण असेल तर त्या अपाय करतात. म्हणून हे विकार डॉक्टरांना आधीच सांगावेत, दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत, आणि मनाने बंदही करू नयेत. ट्रॅमाडॉलसारख्या गोळीने मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ होतो. थोडे दिवस सांगितल्याप्रमाणे घेतली तर व्यसन लागण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या ‘संधिवाताच्या’ औषधापासून मात्र चार हात दूर राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे.

बर्फाचा शेक चांगला, पण फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे. गरम विटेचा शेक नको, मालीश नको. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा सरळ राहतो. गुडघ्याखाली कदापि नाही. हे एक वाक्य आम्हाला त्या वेळी कोणी दटावून सांगायला हवे होते.

किती दिवस दुखते? पहिले दोन आठवडे कठीण. रात्री जास्त सतावते, झोप मोडते. सहा आठवड्यांत बरेच उतरते, तीन महिन्यांत माणूस रोजच्या कामाला लागतो, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. गुडघा काही महिने कोमट लागतो, बाहेरच्या अंगाला कातडी बधिर राहते, चालताना कट-कट वाजते. यात घाबरण्यासारखे नसते. खुब्याचे दुखणे यापेक्षा लवकर निवते.

समाधानाची गोष्ट जरा निराळी आहे. स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेबदलाची देशभर नोंद ठेवतात. तेथील आणि इंग्लंड-कॅनडातील पाहण्यांत असे दिसून आले, की गुडघा बदललेल्या शंभर माणसांतील सुमारे ऐंशी समाधानी असतात. खुब्याचे प्रमाण याहून चांगले. राहिलेल्या वीसजणांच्या बाबतीत सांधा नीट बसला नाही असे क्वचितच असते. काहींचे दुखणे राहते, काहींचा सांधा आखडतो, काहींचा गुडघा मुळात थोडाच झिजलेला असताना घाईने बदललेला असतो. पण एक कारण पुन्हा पुन्हा पुढे येते: माणसाने मनात जे धरले होते ते झाले नाही. पाहुण्यांत कोणी सांगितलेले असते, की “महिन्यात पळायला लागशील.” मग तीन महिन्यांनी चांगले चालत असूनही माणूस हिरमुसलेला.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच मोकळेपणी विचारावे. मला पंगतीत मांडी घालता येईल का? खाली बसून खुरपता येईल का? बहुतेकांना डॉक्टर खुर्ची, कमोड व उंच बैठकच सांगतात, गुडघे टेकून काम करणे जड जाते. चालणे, देवदर्शन, रात्रीची झोप परत मिळेल; खुरपे बहुधा नाही. हे आधी कळले तर घरातली कामे वाटून घेता येतात. मंचरला किंवा पुण्याला दाखविताना घरचे एक माणूस बरोबर असावे, साखर आटोक्यात आहे ना ते पाहावे, आणि सरकारी योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का याची चौकशी भरती होण्यापूर्वी करावी.

काही दुखणी मात्र गोळीवर काढायची नसतात. पोटरी सुजून कडक झाली, अचानक धाप लागली, छातीत दुखले, थंडी वाजून ताप आला, जखमेतून पाणी वा पू आला, किंवा कमी होत आलेले दुखणे एकाएकी वाढले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आत्याचा दुसरा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरला आहे. कमोडची खुर्ची आताच आणून ठेवली आहे. बटाटे निवडायला ती आता पाटाऐवजी स्टुलावर बसते, आणि या खेपेला सिस्टरने दहात विचारले तरी आपण आण्यातच सांगणार, असे तिने आम्हाला बजावून ठेवले आहे.