‘खाणे’ आणि ‘टेक’

इंग्रजी शिकताना अडवतात ते मोठे शब्द नव्हेत, तर ‘टेक’, ‘गेट’, ‘मेक’ ही रोजची क्रियापदे. त्यांपैकी ‘टेक’चा विचार आपल्या ‘खाणे’च्या आधाराने करू.

मराठी माणूस मार खातो, लाच खातो, हवा खातो. येथे जेवणाचा संबंध नाही. बाहेरचे काही आपल्याकडे घेणे किंवा सोसणे एवढाच अर्थ. कन्नडमध्येही ‘एटु तिन्नु’ म्हणजे मार खाणे आणि ‘लंच तिन्नु’ म्हणजे लाच खाणे. इंग्रजीत मात्र टेक अ बीटिंग, टेक अ ब्राइब, टेक द एअर. येथे ‘ईट’ घातले की वाक्य बिघडले.

मी राहतो त्या गोत्रीत, म्हणजे वडोदऱ्याच्या पश्चिम भागात, मराठी घरांना गुजराती शेजार आहे. गुजराती ‘खावुं’ आणखी पुढे जाते. ‘दया खावी’ म्हणजे दया करणे, ‘सोगंद खावा’ म्हणजे शपथ घेणे, ‘थाक खावो’ म्हणजे विसावा घेणे. आता इंग्रजी पाहा: टेक पिटी, टेक ॲन ओथ, टेक अ रेस्ट. तिन्ही ठिकाणी पुन्हा ‘टेक’च! पण गुजराती माणूस जांभई आणि खोकलाही ‘खातो’. तेथे ‘टेक’ चालत नाही. तेव्हा जुळणी सापडली, तरी तिचा नियम करू नये.

आमच्याकडची मुले मराठीत सहज ‘जरा थाक खाऊ या’ म्हणतात. पाहुणे हसतात आणि मूल मराठी बोलायला बिचकू लागते. त्याला एवढेच सांगावे की, हे गुजरातीत अचूक आहे, मराठीत मात्र आपण विसावा ‘घेतो’. कारण कळलेले मूल बोलत राहते. हसू झालेले गप्प बसते. भाषा घरातून जाते ती अशी.

उलट बाजूचा एक सापळाही ध्यानात ठेवावा. ‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे आपले बोलणे चुकले असे मान्य करून ते मागे घेणे. मराठीत ‘शब्द खाणे’ म्हणजे बोलताना वा लिहिताना शब्द गाळणे. शब्द तेच, अर्थ निराळा.

बडोद्यात 1931 साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा आठ भाषांचा राज्यकारभार-कोश निघाला. तशा कोशात शब्दाला शब्द मिळतो; वाक्प्रचार तसा मिळत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वहीत एकटे ‘टेक’ लिहू नका. ‘टेक ॲन ओथ’ असे पुरते लिहा आणि शेजारी मराठी, कन्नड किंवा गुजराती जोडीदार मांडा. क्रियापद नामाच्या सोबतीनेच पाठ होते.