निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक

भूगोल शिकवितांना आम्हांस असें दिसतें कीं, ग्रँड कॅन्यनचें नांव सर्वांस पाठ असतें; पण त्या दरींत माणसें राहतात, हें थोड्यांसच ठाऊक असतें. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत, त्या महादरीच्या एका उपदरींत सुपाई हें खेडें आहे. तेथें मोटारीची वाट नाहीं. हेलिकॉप्टर सोडल्यास सुमारें ८ मैल पायीं अथवा घोड्यावरून उतरावें लागतें. टपालहि खेचरांच्या पाठीवरून जातें.

येथील हवासुपाई लोकांच्या नांवाचा अर्थच ‘निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक’ असा आहे. हवासू ओढ्याच्या पाण्यावर ते उन्हाळ्यांत मका, घेवडा व भोपळा पिकवीत, आणि हिवाळ्यांत शिकारीसाठीं वरच्या पठारावर जात. १८८२ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं तळची अवघी ५१८ एकर भूमि राखिली. पठार परकें झालें. अर्ध्या वर्षाचें जीवनच तुटलें. तथापि त्यांनीं आपली मागणी सोडिली नाहीं. अखेर ९३ वर्षांनीं, १९७५ सालीं, कायद्यानें सुमारें १,८५,००० एकर भूमि त्यांस परत मिळाली.

विद्यार्थिमित्रहो, नकाशावरील ओसाड दिसणारा प्रदेश पाहतांना, ‘येथें कोणाचें घर आहे?’ हा प्रश्न आपण आधीं विचारावा.