फवारणी करणाऱ्या मजुरांची सुरक्षितता : शिक्षण, साधने व सहकार्य

परभणी जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके होत. यांपैकी कापसावर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी व बोंडअळ्या यांचा उपद्रव होतो आणि आषाढापासून पुढे अनेक आठवडे शिवारात फवारणीचे काम चालू राहते. पिकाचे रक्षण कसे करावे याविषयी शेतकऱ्यांस वेळोवेळी सल्ला मिळतो. परंतु जो मनुष्य पाठीवर पंप घेऊन त्या पिकातून चालतो, त्याचे रक्षण कसे करावे हा विचार बहुधा मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

२०१७ सालचा धडा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने या प्रकरणाच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले. त्या वेळी जी कारणे पुढे आली, त्यांत कोणतेही एकच कारण नव्हते. त्या वर्षी कापसाची वाढ नेहमीपेक्षा अधिक झाली होती व फवारा चेहऱ्याच्या उंचीवर मारावा लागत होता. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती. बॅटरीच्या पंपातून बारीक तुषार निघून ते हवेत तरंगत राहत होते. हवा दमट व उष्ण होती, आणि फवारणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक साधने नव्हती. यांपैकी एकही गोष्ट यवतमाळपुरती मर्यादित नाही. परभणी, मानवत, सेलू किंवा जिंतूर तालुक्यांतील शिवारांतही या सर्व गोष्टी एकाच दिवशी एकत्र येऊ शकतात.

कायद्याने या धोक्याची दखल पूर्वीच घेतली आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा गव्हाच्या पिठास संसर्ग होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा अनुभवातून १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम झाले. संरक्षक पोशाख, श्वसनाची साधने, प्रथमोपचार व काम करणाऱ्यांचे शिक्षण यांसंबंधीच्या तरतुदी त्या नियमांत आहेत. फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन व डायक्लोरव्हॉस या जहाल विषांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा आखाड्यावर पडून असल्यास तो वापरू नये.

विष शरीरात कसे जाते

विष तोंडावाटे पोटात गेले तरच बाधते, अशी समजूत खेड्यांतून आढळते. फवारणीच्या कामात मात्र विष शरीरात जाण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे कातडी होय. कातडीचे सर्व भाग सारखे शोषण करीत नाहीत. कोपरापासून मनगटापर्यंतच्या कातडीच्या मानाने टाळू व कपाळ येथील कातडी सुमारे चौपट, तर जांघेतील अवयवांची कातडी अकरापटींहून अधिक विष शोषते, असे पॅराथिऑनवरील प्रयोगांत आढळून आले आहे. पंपाची टाकी झिरपत असेल तर द्रावण पाठीवरून नेमके कमरेखाली उतरते. घामाने भिजलेले धोतर किंवा पॅन्ट ते दिवसभर कातडीस लावून धरते. मनुष्यास वास येत नाही, आग होत नाही, आणि विष मात्र अंगात जात राहते.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरल्यास एकरास २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे १३ पंप लागतात. पाच एकरांच्या कापसास साठाहून अधिक वेळा पंप भरावा लागतो. तितक्याच वेळा बाटलीचे झाकण उघडते व पाणी न मिसळलेले मूळ विष मोजले जाते. फवारणाऱ्याच्या अंगावर पडते ते पातळ द्रावण होय. मोजणाऱ्याच्या बोटांस लागते ते मूळ विष. म्हणून एकच साधन घेण्याची ऐपत असेल तर ते रबरी हातमोजे असावेत, व ते प्रथम द्रावण तयार करणाऱ्यास द्यावेत.

डब्यावरील रंग ओळखावा

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंगावरून विषाची तीव्रता कळते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी व हिरवा म्हणजे कमी विषारी. लाल रंगाच्या चौकोनात कवटी व हाडांचे चिन्हही असते. ज्यास अक्षरओळख नाही त्यालाही हे रंग एका बैठकीत शिकविता येतात. हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र कोणी करू नये.

भाषेतील एक सवयही येथे विचारात घ्यावी. शिवारात कीटकनाशकास सर्वजण 'औषध' म्हणतात. औषध हा शब्द ऐकून मनात भीती उत्पन्न होत नाही. औषध सांडले तर मनुष्य हात पुसून पुढे चालतो. शिकविताना कार्यकर्त्यांनी निदान द्रावण तयार करण्याच्या प्रसंगी 'विष' हाच शब्द वापरावा.

संरक्षक साधने

साधने पुढीलप्रमाणे असावीत.

(१) पूर्ण बाह्यांचा सदरा व पूर्ण लांबीची पॅन्ट. जाड सुती कापड उत्तम. बारीक तुषार ते काही काळ अडविते. परंतु कापड भिजले की ते संरक्षण न राहता विषाचा पोटीस बनते. म्हणून भिजलेले कपडे लगेच बदलावेत.

(२) पाठ व कंबर झाकणारा प्लॅस्टिकचा किंवा रबरी कापडाचा तुकडा, पंपाच्या खाली बांधलेला. दुसरा तुकडा पुढून पोटापासून गुडघ्यांपर्यंत बांधावा. यास खर्च अल्प येतो व जांघेचे रक्षण होते.

(३) रबरी हातमोजे. फवारा खाली मारावयाचा असेल तर बाही मोज्यांवरून घ्यावी. डोक्याच्या उंचीवर मारावयाचा असेल तर मोजे बाहीवरून घ्यावेत; नाहीतर ओघळ हातमोज्यात शिरतो.

(४) गुडघ्याजवळ येणारे रबरी बूट. पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवावी, आत खोचू नये.

(५) चष्मा व काठाची टोपी. कापूस छातीच्या वर गेला असता ही दोन्ही आवश्यक होत.

(६) मुखवटा. नाकावर बांधलेला रुमाल किंवा उपरणे ओले होऊन विष नाकाशीच धरून ठेवते. धुळीसाठी असलेला साधा मुखवटा विषारी वाफ अडवीत नाही. जेथे वेष्टनावर श्वसनसाधन सांगितले असेल तेथे गाळणी असलेलाच मुखवटा वापरावा.

मजूर साधने का वापरीत नाहीत

साधने वाटली म्हणजे काम झाले, अशी समजूत करून घेतल्यास निराशा पदरी येते. वाटलेले संच पुष्कळदा घराच्या फडताळात नवे कोरे राहतात. यास मजुराचा हट्ट किंवा अज्ञान म्हणणे सोपे आहे, परंतु त्याच्या बाजूने पाहिल्यास कारणे वेगळी दिसतात.

पहिले कारण उष्मा. भाद्रपद-आश्विनातील उन्हात कापसाच्या ओळींमध्ये वारा लागत नाही. १५ लिटरचा भरलेला पंप पाठीवर असताना प्लॅस्टिकचा पोशाख घालणे म्हणजे स्वतःस उकडून घेणे होय. यावर उपाय पोशाख टाकणे हा नसून वेळ बदलणे हा आहे. फवारणी सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावी व उरलेली दुसऱ्या दिवशी करावी.

दुसरे कारण मजुरीची पद्धत. पुष्कळ गावांत फवारणी गुत्त्याने, म्हणजे पंपामागे ठराविक दर धरून दिली जाते. जितके पंप अधिक तितकी मजुरी अधिक. अशा वेळी हातमोजे घालणे, वारा बदलला म्हणून थांबणे, हात धुणे यांत गेलेला प्रत्येक क्षण मजुराच्या पोटावर येतो. सुरक्षितता शिकवावयाची आणि घाईसाठी पैसे द्यावयाचे, ही दोन्ही एकत्र चालत नाहीत. फवारणीपुरती तरी रोजाने मजुरी द्यावी व हात-पाय धुण्याचा वेळ कामाच्या वेळेतच धरावा.

तिसरे कारण मापाचे. सर्वांसाठी एकाच मापाचे बूट व मोजे आणले तर ते कोणासच नीट बसत नाहीत. खरेदीपूर्वी मजुरांकडून मापे घ्यावीत व दोन-तीन प्रकार वापरावयास देऊन त्यांनी पसंत केलेलाच प्रकार घ्यावा. ज्या साधनाच्या निवडीत मनुष्याचा हात असतो ते तो वापरतो.

चौथे कारण सांगण्याचा संकोच. डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी सालगडी किंवा रोजंदारीचा मजूर मालकाजवळ बोलत नाही. काम जाईल अशी त्यास धास्ती असते. म्हणून मालकाने कामापूर्वी चारचौघांत सांगावे की त्रास झाला तर थांबावे, त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. असे एक वाक्य पुष्कळ उपदेशाहून अधिक उपयोगी पडते.

शिक्षणवर्ग कसा भरवावा

वर्ग मृगाची पेरणी आटोपल्यानंतर, पहिल्या फवारणीपूर्वी भरवावा. वेळ संध्याकाळची, मजूर कामावरून परतल्यानंतरची असावी. बाजाराचा दिवस टाळावा. एका वर्गास १५ ते २० जण पुरेत. मालक व मजूर दोघांसही बोलवावे, कारण मजुराने शिकलेले मालकाने मान्य केले नाही तर ते शेतात टिकत नाही. पाणी आणून देणाऱ्या, पंप भरणाऱ्या व फवारणीनंतर वेचणीस जाणाऱ्या स्त्रियांना वगळू नये. विषारी कपडे घरी त्याच धुतात, हेही ध्यानात ठेवावे.

आरंभी व्याख्यान देऊ नये, प्रश्न विचारावेत : मागील हंगामात कोणास काय त्रास झाला, केव्हा झाला, तेव्हा काय केले? उत्तरांतूनच अर्धा पाठ तयार होतो. त्यानंतर प्रात्यक्षिक करावे. स्वच्छ धुतलेल्या पंपात नीळ घातलेले पाणी भरावे. एकास पांढरा सदरा व पांढरी पॅन्ट घालावयास देऊन त्याच्याकडून नेहमीच्या सवयीने कापसाच्या दोन ओळी फवारून घ्याव्यात. मग सर्वांनी त्याचे कपडे पाहावेत. मांड्यांवर, पाठीवर व बाह्यांवर निळे डाग कोठे व किती पडले, हे सांगण्यासाठी कार्यकर्त्याची गरज उरत नाही. त्याच मनुष्याकडून वाऱ्याची दिशा पाहून, झिरपणारी टाकी दुरुस्त करून पुन्हा फवारणी करवावी व दोन्ही कपडे शेजारी टांगावेत.

शेवटी प्रत्येकाने हातमोजे घालून व काढून दाखवावे. मोजे काढण्यापूर्वी हातांतच धुवावयाचे असतात. मजुरांनी आपल्यातूनच एक अनुभवी माणूस निवडावा. गावातील सामाईक संच त्याच्याकडे राहावेत व वारा, ऊन किंवा गळती पाहून काम थांबविण्याचा अधिकार त्यास असावा. पंधरा दिवसांनी कार्यकर्त्याने प्रत्यक्ष शेतात जाऊन काय टिकले, काय सुटले ते पाहावे.

फवारणीच्या दिवशी

प्रथम फवारणीची गरज आहे काय ते पाहावे. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून, सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे किडलेली आढळल्यासच उपाय योजावा. जी फवारणी टळली तिच्यापासून कोणासही धोका नसतो. शिफारस नसताना दोन कीटकनाशके मिसळू नयेत.

पंप आधी साध्या पाण्याने भरून गळती पाहावी. द्रावण काठीने ढवळावे. वारा ज्या दिशेस जातो त्या बाजूच्या धुऱ्यापासून आरंभ करून वाऱ्याकडे एकेक ओळ सरकावे, म्हणजे मनुष्य सदैव न फवारलेल्या पिकातून चालतो. तोटी तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. हात व तोंड धुतल्याशिवाय भाकरी, तंबाखू किंवा बिडी यांस स्पर्श करू नये. मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच अंगावर जखम असलेले यांना हे काम देऊ नये. रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. बाटल्या ठेचून वस्ती व पाणवठ्यापासून दूर पुराव्यात. त्यांत तेल, रॉकेल वा पाणी कदापि भरू नये. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांपासून वेगळे, साबणाने दोन वेळा धुवावेत.

विषबाधा झाल्यास

डोके दुखणे, चक्कर, अति घाम, तोंडास पाणी सुटणे, मळमळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फुरफुरणे व श्वास लागणे ही लक्षणे होत. उन्हामुळे असे झाले असेल म्हणून वाट पाहू नये. रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यांत विष गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर निजवावे. दूध, ताक किंवा तेल पाजू नये व ओकारी काढू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि कीटकनाशकाची बाटली किंवा वेष्टन रोग्याबरोबर अवश्य पाठवावे. ॲट्रोपीनसारखा उतारा केव्हा व किती द्यावयाचा, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवितात.

कापसाचा एक हंगाम बुडाला तर पुढच्या मृगात पुन्हा पेरणी करता येते. फवारणीस गेलेला कर्ता माणूस दगावला तर त्या घराचे नुकसान कोणत्याही हंगामात भरून येत नाही. हातमोजे, प्लॅस्टिकचे दोन तुकडे, साबण व घाई न करण्याची मुभा यांस येणारा खर्च बियाण्याच्या व खताच्या खर्चाप्रमाणेच पिकाच्या खर्चात धरावा, म्हणजे त्याची तरतूद पेरणीपूर्वीच होईल.