चालत्या घरातील सामानाची सुरक्षितता

झोपण्याची जागा, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह या सोयी एकाच वाहनात असल्या म्हणजे ते चालते घरच होय. अमेरिका व युरोपात अशी वाहने कित्येक दशके प्रचारात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जेथे निवासाची पुरेशी सोय नाही, अशा निसर्गरम्य स्थळीही पर्यटकांना मुक्काम करता यावा, हा त्यामागील एक विचार होता. परंतु घर चालू लागले की त्यातील सामानाचे काय होते, याचा विचार पुष्कळदा उशिरा होतो. गावोगाव फिरणाऱ्या वैद्यकीय पथकांच्या आणि वाचनालयांच्या गाड्यांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे.

जडत्वाचा नियम

गाडी थांबते, पण तिच्यातील सुटी वस्तू आपल्या पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे, असे धरू. हा वेग सेकंदाला २० मीटर होतो. धडक होऊन गाडी एकाएकी थांबली, तर मागील फळीवरील दोन किलोचा कुकर त्याच वेगाने पुढे येतो. सुमारे २० मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीच्या उंचीवरून तो अंगावर पडावा, इतका हा आघात असतो. चालकाला पट्टा वाचवील. मागून येणाऱ्या कुकरापासून मात्र पट्टा वाचवू शकत नाही.

घाटातील वळणांवर ओढा बाजूस असतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घेताना हा ओढा वस्तूच्या वजनाच्या सुमारे दोन पंचमांश भरतो. गुळगुळीत फळीवरील स्टीलचे भांडे घसरण्यास तो पुरेसा असतो.

मांडणी व बांधणी

जड सामान तळाशी, शक्यतो दोन्ही आसांच्या मधल्या भागात आणि उजवी-डावी बाजू समतोल राहील अशा रीतीने ठेवावे. वरच्या कपाटांत कपडे, अंथरुणे अशा हलक्या वस्तूच असाव्यात. वर जड सामान भरल्यास गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

कपाटांना केवळ लोहचुंबकाची पकड पुरेशी नसते. खटक्याची कडी हवी. फळ्यांवर रबरी चटई अंथरावी. भांड्यांमधील पोकळ जागा पंचे व चादरी घालून भरून काढावी. शीतकपाटाच्या दारास स्वतंत्र कडी असावी. पेट्या बांधण्याचे पट्टे गाडीच्या सांगाड्यास पक्के केलेल्या कड्यांतून घ्यावेत. पातळ प्लायवूडमधील स्क्रू धक्क्याने उपटून येतो.

गॅस आणि पाणी

घरगुती १४.२ किलो गॅसचे सिलिंडर भरले असता एकूण सुमारे ३० किलो वजनाचे होते. ते उभे ठेवून पट्ट्याने जखडावे. त्याचा कप्पा राहत्या भागापासून वेगळा व बाहेरून उघडणारा असावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो; म्हणून वायुवीजनाचे छिद्र कप्प्याच्या तळाशी हवे. प्रवासात सिलिंडरचा झडप बंद असलाच पाहिजे.

२०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो होते. अर्धवट भरलेल्या टाकीत ते हिंदकळून गाडीचा तोल बिघडवते. यास्तव टाकीत आडपडदे असावेत. नसल्यास ती पूर्ण भरून अथवा रिकामी करून निघणे श्रेयस्कर.

चोरीपासून रक्षण

मौल्यवान वस्तू खिडकीतून दिसतील अशा ठेवू नयेत. रोकड व कागदपत्रांसाठी सांगाड्यास जोडलेली कुलपाची लहान पेटी असावी. मुक्काम उजेडाच्या व वहिवाटीच्या जागी करावा.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

कड्या, झडप, पट्टे, पाणी आणि खिडक्या यांची यादी दाराच्या आतील बाजूस लावावी व एकाच व्यक्तीवर तपासणीची जबाबदारी द्यावी. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. सामान बसले की पट्टे सैल होतात. गाडी चालू असताना कोणीही उठून स्वयंपाक करू नये.

फिरत्या वैद्यकीय पथकाच्या गाडीत प्राणवायूचे सिलिंडर व औषधांच्या पेट्या परिचारिकेच्या आसनाजवळच असतात. तेथे सुटलेला एक पट्टा जिवावर बेतू शकतो. म्हणून संबंधित अधिकाऱ्यांनी इंजिन व टायर यांच्याबरोबर बांधणीचीही नियमित तपासणी करावी.

शिक्षकांना हा धडा वर्गातच दाखविता येईल. चाकांच्या पाटावर वाटी ठेवून पाट ढकलावा व एकदम अडवावा. वाटी पुढे जाते. तिच्याखाली ओले फडके घातल्यास ती कमी सरकते, आणि दोरीने बांधल्यास जागची हलत नाही. चालत्या घराचे सारे शास्त्र या तीन कृतींत आहे. वाहनात सामान नुसते ठेवून भागत नाही, ते बांधावे लागते.