रात्री पाय का वळवळतात?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असते. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेली एखादी ताई अर्ध्या तासात उठते आणि दाराशी येरझाऱ्या घालू लागते. आपण म्हणतो, हिचे लक्षच नाही. घरी रात्री तेच. आडवे पडले की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखे होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चालले की बरे वाटते, पडले की पुन्हा सुरू. कुणी पायाला फडके आवळून देते, कुणी अजूनही गंडादोरा सुचवते! हा आजार आहे. त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. स्वीडनचे डॉ. एकबोम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

त्रास पायात, पण मूळ मेंदूत. हालचालीवर ताबा ठेवणारे डोपामिन हे रसायन मेंदूत तयार होते आणि ते बनवायला लोह लागते. अशा अनेक रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये लोह कमी दिसले आहे. रक्तातले लोहही रात्री उतरते.

गोम अशी की हिमोग्लोबिन चांगले असूनही हे होऊ शकते. हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर शिजलेले. कोठीत किती उरले ते फेरिटिन सांगते. म्हणून 'रक्त चांगले आहे' एवढ्यावर परत न येता फेरिटिनची तपासणी मागावी. या आजारात ते ७५ किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर बहुधा लोहाच्या गोळ्या देतात, मग लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' का छापलेले असेना. काहींचे फेरिटिन पुरेसे असूनही मेंदूत लोह कमी पोचते. त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास वाढतो, बाळंतपणानंतर बहुधा थांबतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही तो होतो. सर्दीच्या व उलटीच्या काही गोळ्यांनी तो वाढतो, तेही डॉक्टरांना सांगावे.

मात्र शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत, हे आम्ही बजावून सांगतो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे. ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते. त्यांना जादा लोह घातक. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. आणि ताप असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, म्हणून तपासणी बरे झाल्यावर करावी.