धूर तसाच, मग कार्बन घटला कुठे?

प्रश्न : आमच्या घरामागच्या कापड प्रोसेसमध्ये हल्ली दगडी कोळशाऐवजी बगॅसच्या ब्रिकेट जाळतात. कार्बन घटला, असं मालक सांगतात. चिमणीतून धूर मात्र पूर्वीसारखाच निघतो. मग घटलं काय? आणि सरळ विजेवरचा बॉयलर का बसवत नाहीत?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शंका रास्त आहे, पण दिसतो तो धूर वेगळा आणि हिशोबात धरतात तो कार्बन वेगळा. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसतच नाही. चिमणीतून काळं येतं ती अर्धवट जळलेली काजळी. थंडीच्या सकाळी पांढरं दिसतं ती बहुतेक वाफ. काजळी छातीला घातक, तेव्हा तिची तक्रार जरूर करा. पण चिमणी स्वच्छ दिसली म्हणून कार्बन थांबला असं नव्हे. एक किलो कार्बन पुरता जळला की हवेतला ऑक्सिजन मिसळून साडेतीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो.

ब्रिकेट जळतानाही हा वायू निघतोच. प्रश्न आहे, कार्बन आला कुठून? बगॅस म्हणजे उसाचं चिपाड; त्यातला कार्बन उसानं वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचं पीक तो पुन्हा घेतं. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो वर आला की हवेत नवी भर पडते. हा हिशोब चिपाडाला, शेंगांच्या टरफलांना लागू. उभी झाडं तोडून बॉयलरमध्ये घातली, तर ती पुन्हा वाढेपर्यंत भरपाई होत नाही.

नैसर्गिक वायू जमिनीतलाच, तरी तेवढ्याच उष्णतेमागे तो कोळशापेक्षा सुमारे ४० टक्के कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. वाहिनीतून गळला, तर हा फायदा झपाट्यानं घटतो.

माझं मत विचाराल तर इंधनाआधी बॉयलर बघावा. कारखान्यामागच्या गटारातून वाफाळतं पाणी वाहताना दिसतं ना? कापड सुकवणाऱ्या सिलेंडरमध्ये वाफ थंडावून झालेलं ते पाणी अनेकदा शुद्ध आणि कढत असतं. ते फीड टाकीत परत आणलं, तर पाण्याच्या तापमानातल्या दर ६ अंशांच्या वाढीमागे साधारण १ टक्का इंधन वाचतं. ३० ऐवजी ७८ अंशांचं पाणी बॉयलरला मिळालं, की बचत ८ टक्क्यांच्या घरात. चिमणीवाटे जाणारी उष्णता इकॉनॉमायझरनं पाण्याला दिली, तर धुराच्या तापमानातल्या दर २२ अंशांच्या घटीमागे आणखी सुमारे १ टक्का. नळ्यांवरचा क्षारांचा थर काढणं, भट्टीत जादा हवा न सोडणं ही रोजची कामं; त्यांना मोठा खर्चही नाही. रंगाच्या टाकीत थेट सोडलेली वाफ मात्र परत मिळत नाही.

आता वीज. विजेच्या बॉयलरमध्ये काही जळत नाही, म्हणून तो निर्मळ वाटतो. पण आपल्या ग्रिडमधली बहुतांश वीज अजून कोळशावरच होते आणि औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. म्हणून ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तेवढीच उष्णता वाफेत उतरवायला ८० टक्के कार्यक्षमतेचा कोळशाचा बॉयलर सुमारे ०.४३ किलो सोडतो. म्हणजे आज ग्रिडवर गेलात तर कार्बन वाढेल! छतावरच्या सौर पॅनलची वीज दिवसापुरती, आणि रंगखातं रात्रपाळीतही चालतं. ग्रिडमध्ये सौर आणि पवन विजेचा वाटा वाढून तो आकडा ०.४ च्या खाली आला, की विजेचा बॉयलर कोळशाला मागे टाकेल. तोवर तुमच्या प्रोसेसमधल्या ब्रिकेट बऱ्या.