भालदाराचं नाव काय?

अंकुशनगर वसलं ते समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड तालुक्यात पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे माणसं आली. गळीत हंगाम लागला की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. या परिसरात मी इतिहास शिकवते. माझ्या वर्गात मराठा, धनगर, वंजारी, माळी, बौद्ध, मातंग, बंजारा, नाभिक, मुसलमान अशा सगळ्या घरांतली मुलं असतात. चौथीचं ‘शिवछत्रपती’ हाती येण्याआधीच त्यांनी इतिहास टीव्हीवर पाहिलेला असतो. त्या पाहिलेल्या इतिहासाशी बोलल्याशिवाय मला पुस्तक उघडता येत नाही. अशा बोलण्यांतून जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. नावाने हाक कुणाला मारली, ते आधी बघावं.

मालिकेत राजा असतो, राण्या असतात, प्रधान आणि सरदार असतात. त्यांच्या मागे भालदार, चोपदार, मोतद्दार, मशालजी, दासी. मुलांना मी सांगते, आजचा भाग बघताना दोन याद्या करा. एकीत ज्यांना कुणीतरी नावाने हाक मारली ते, दुसरीत जे काम करताना दिसले पण नाव कळलं नाही ते. दुसरी यादी लांबते. एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, तो भालदार रोज दिसतो. त्याचं नाव काय?” मी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला आणि तास तिथेच थांबवला. आपले पणजे-खापरपणजे बहुधा दुसऱ्याच यादीत होते, हे मुलांना न सांगता कळलं.

२. बलिदानाआधी आयुष्य असतं.

या एका गोष्टीसाठी मी सगळ्यांत जास्त भांडत आले आहे. शिवा काशीद म्हटलं की १६६० सालची पन्हाळ्याची ती एक रात्र. पालखी, महाराजांसारखा पेहराव, सिद्दी जौहरच्या छावणीतलं मरण. जिवा महाला म्हटलं की प्रतापगडाखालचा सय्यद बंडाचा वार. दोघेही नाभिक समाजाचे. दोघेही पडद्यावर येतात, संगीत चढतं, डोळे भरून येतात आणि पुढच्या भागात त्यांची आठवणही निघत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सलून चालवतात. शिवा काशीदांचा प्रसंग मी रंगवून सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, ते मरायच्या आधी काय करायचे?” त्याच्या प्रश्नात तक्रार नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर द्यायला कागदपत्रं थोडीच आहेत, पण कागदपत्रं थोडी आहेत म्हणून लेखकाचा हात कुठे अडतो? राजवाड्यातल्या खासगी संवादांना तरी कुठली कागदपत्रं असतात? तिथे कल्पना धावते आणि इथे मात्र पुराव्याची अट येते. शिवा काशीदांच्या घरी कोण होतं, वस्तऱ्याला धार लावताना ते काय बोलत असतील, निघताना बायकोला काय सांगितलं असेल, हे लिहायला हरकत कुणाची? ज्या समाजाच्या वाट्याला मालिकेत फक्त मरण येतं, त्या समाजातल्या मुलाला असं वाटू लागतं की मोठं व्हायचं तर कुणासाठी तरी मरावंच लागतं.

३. दोन्ही गोटांत कोण कोण होतं, हे मुलांना सांगितलंच पाहिजे.

मालिकेत शत्रूच्या छावणीत दिवे हिरवे होतात, सुरमा दाट होतो, पार्श्वसंगीत बदलतं. माझ्यासमोरच्या बाकावर बसलेली मुसलमान मुलगी हे रोज रात्री घरच्यांबरोबर बघते आणि सकाळी शाळेत येते. तिच्यासाठी आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीसाठी मी एक तक्ता करून भिंतीवर लावला आहे.

एका बाजूला स्वराज्याची माणसं: पायदळाचे सुरुवातीचे सरनोबत नूरखान बेग, आरमारातले दौलतखान, महाराजांच्या पदरी असलेले काझी हैदर. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेले सिद्दी हिलाल, ज्यांचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. दुसऱ्या बाजूला समोर उभे राहिलेले: पुरंदरला वेढा घालणारे मिर्झाराजे जयसिंह, कोंढाण्याचा किल्लेदार उदेभान राठोड, अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. तक्त्याखाली मी काहीही लिहिलेलं नाही. मुलं स्वतः वाचतात आणि स्वतःच गप्प होतात किंवा वाद घालतात. उदेभान राजपूत होता हे कळल्यावर वर्गात जी चर्चा झाली, तशी चर्चा कुठल्याच धड्याने घडवलेली मला आठवत नाही.

एका बापाचा मुलगा स्वराज्यासाठी लढताना सिद्दी जौहरच्या हाती पडतो, ही गोष्ट कुठल्याही मालिकेला आठवडाभर पुरेल. ती कुणी मनापासून लिहावी, असं मला फार वाटतं.

४. दगाबाजी माणूस करतो, आडनाव करत नाही.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ ते २०२० या काळात चालली, तेव्हा आमच्याकडे रात्रीची जेवणं तिच्या वेळेवर होत. त्या मालिकेने एक मोठं काम केलं. जुन्या नाटक-कादंबऱ्यांनी कपटी, मांत्रिक म्हणून रंगवलेले कवी कलश तिच्यात शेवटपर्यंत साथ देणारे मित्र म्हणून उभे राहिले. एका माणसावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा डाग मालिका पुसू शकते, हे मी तेव्हा पाहिलं.

तोच पडदा डाग लावूही शकतो. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकांना माफी मागावी लागली. गणोजी शिर्क्यांचं काय खरं, काय खोटं, हे इतिहासकार ठरवतील. माझ्यापुढे प्रश्न येतो तो दुसऱ्या दिवशी ते आडनाव घेऊन शाळेत येणाऱ्या पोराचा. अण्णाजी दत्तोंचा प्रसंग आला की ब्राह्मण घरातल्या मुलाची मान खाली जाते, तेव्हाही तोच.

आमच्या भागात हे फार जपून हाताळावं लागतं. अंतरवाली सराटी आमच्याच तालुक्यात. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष इकडे लागलं. नोव्हेंबरात अंबडला ओबीसींची मोठी सभा झाली, पुढच्या वर्षी वडीगोद्रीला उपोषण झालं. दोन्हीकडे माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते. त्या दिवसांत मुलं मालिकेतल्या प्रत्येक पात्राबद्दल पहिला प्रश्न विचारू लागली, “हे कुणाचे?” मी दरवेळी एकच विचारत राहिले, “यांनी केलं काय?” आधी करणी सांगायची, मग घराणं. हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही.

५. अन्यायाची गोष्ट सांगताना साथ देणाऱ्यांचीही नावं घ्यावीत, पण साथ देणाराच नायक होऊ नये.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ ही मालिका स्टार प्रवाहवर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’. आमच्या भीमनगरातल्या मावश्या बाबासाहेबांची मालिका लागली की हातातलं काम ठेवून बसत. आपल्या घरासारखं घर पडद्यावर मधोमध दिसलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मला तो फार मोलाचा वाटतो.

महाडच्या सत्याग्रहात सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्ध्यांनी. फुल्यांच्या शाळेला वाडा मिळाला तो भिड्यांचा, आणि सावित्रीबाईंच्या सोबत फातिमा शेख होत्या. ही नावं सांगितली की आपलं घर दोषी ठरतंय असं वाटणारं मूलही ऐकायला लागतं. पण मापाने सांगावी. चवदार तळ्याचं पाणी ज्यांनी ओंजळीत घेतलं, मार ज्यांनी खाल्ला, त्यांचे चेहरे मागे पडता कामा नयेत.

मुक्ता साळवेचंच बघा. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकवणाऱ्यांची थोरवी दाखवायला तिचा एक प्रसंग, एवढ्यावर तिला संपवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या नजरेतून सगळी गोष्ट सांगता येईल. ‘सावित्रीजोती’ वर्षाच्या आतच, डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ज्यांच्यामुळे माझ्यासारखी बाई फळ्यापुढे उभी राहिली, त्यांची गोष्ट बघायला आपण पुरेसे लोक जमलो नाही.

६. पूजा करताना दाखवलं म्हणजे कर्तृत्व दाखवलं असं होत नाही.

अंबड एकेकाळी होळकरांच्या ताब्यात होतं. तिथल्या देवळांशी, बारवेशी अहिल्याबाईंचं नाव जोडलेलं आहे. ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही हिंदी मालिका २०२१ मध्ये आली, तेव्हा धनगरवाड्यावरच्या एका आबांशी माझं बोलणं झालं. ते म्हणाले, “बाई, आमचं माणूस मोठं दाखवायलेत, चांगलंच हाय. पण पांढरं लुगडं अन्‌ हातात पिंड, एवढंच समद्यांच्या ध्यानात ऱ्हायलं. राज्य कोण चालवत होतं मग?”

त्यांचं बोलणं मी पुष्कळ ठिकाणी सांगत असते. १७५४ मध्ये कुंभेरीला खंडेराव गेले, १७६६ मध्ये मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत या बाईंनी राज्य चालवलं. महेश्वरला विणकर वसवले. डोंगरवाटांवरच्या भिल्लांचा, जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला आणि बदल्यात त्या वाटांच्या राखणीची जबाबदारी भिल्लांवर टाकली. पडद्यावर भिल्ल आले तर लुटारू म्हणून येतात. इथे एक राज्यकर्ती त्यांच्याशी करार करते आहे. बाईचं शहाणपण आणि भिल्लांचा हक्क एकाच प्रसंगात दाखवता येतो, आणि मल्हाररावांचं मामाकडचं, मेंढरांमागचं लहानपण दाखवायलाही कुणी संकोचू नये.

७. बोलीवरून पायरी ठरवू नये.

सरदार पुस्तकी मराठी बोलतात, दासी आणि शिपाई गावरान. गावरानही साताऱ्या-कोल्हापुराकडची. आमची बोली तर ऐकायलाच मिळत नाही. सतराव्या शतकातला जालन्याचा सावकार किंवा सिंदखेडचे जाधवराव कसे बोलत असतील, याचा एकदा तरी विचार व्हावा.

८. मराठवाडा मालिकांमध्ये फक्त वाटेत लागतो.

जिजाऊंचं सिंदखेड राजा इथून जवळ, जालना ओलांडलं की आलंच. लखुजीराव जाधवांना १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाने मारलं. मलिक अंबरने वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने मोगलांना वर्षानुवर्षं अडवलं. महाराजांची शेवटची मोठी मोहीम १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्यावर झाली आणि परतीच्या वाटेवर बहिर्जी नाइकांनी सैन्याला आडवाटांनी पट्टा किल्ल्यावर नेऊन वाचवलं. पुढे हैदराबादच्या निजामाची सत्ता इथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. यातल्या कशावरही मालिका निघाली तर तिच्यात हबशी, रामोशी, सावकार, विणकर, दर्ग्यातले फकीर, निजामाच्या गावातले वतनदार आणि त्यांचे वेठबिगार, असे सगळे आपसूक येतील. त्यांना बळेच आणून बसवावं लागणार नाही.

हंगामात टोळ्यांबरोबर आलेली मुलं काही महिने माझ्या वर्गात बसतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की आईबापांबरोबर परततात. त्यांना मी यंदा जालन्याच्या मोहिमेवर प्रसंग लिहायला दिला होता. कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याच्या एका मुलीने लढाई लिहिलीच नाही. तिने मोहिमेतल्या बैलांच्या वैरणीची सोय करणारा माणूस लिहिला, त्याला नाव दिलं, त्याची बायको लिहिली, आणि रात्री मुक्काम हलवायचा हुकूम आल्यावर दोघांत झालेलं भांडण लिहिलं. एखाद्या मालिकेच्या लेखकाला वाचायचं असेल, तर ती वही मी पाठवायला तयार आहे. अर्थात, त्या मुलीला विचारून.